गरीब मातीचं श्रीमंत रान

सिडनीत मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदा राहायला आलेल्या आईवडिलांना पहिल्याच आठवड्यात एक कोडं पडतं. कासल हिल, बॉकम हिल्स, कार्लिंगफर्ड या बाजूला आता बरीच मराठी घरं आहेत. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावं, तर दोन्ही बाजूंना कौलारू बंगले, कापून एकसारखी केलेली हिरवळ, दारात दोन-दोन गाड्या. आणि गल्ली संपते तिथे एकदम रान सुरू. मधे शेत नाही, माळ नाही. शेवटच्या घराच्या परसाला लागूनच उंच झाडं, खडकांचे कडे, खाली उतरत गेलेली घळ आणि तळाशी ओढा. पन्नास लाखांहून जास्त वस्तीच्या या शहरात घर घ्यायचं म्हणजे आयुष्यभराचं कर्ज. मग इतकी मोक्याची जागा कुणी सोडली कशी?

सरकारी कायद्यामुळे, असं पटकन वाटतं. कायदा आहेच, पण तो फार नंतर आला. खरं कारण पायाखालच्या दगडात आहे. आणि त्या दगडाची ओळख झाली की नातवंडांबरोबरच्या तासाभराच्या फेरीत जे जे दिसतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होत जातो. तिथले लोक या रानाला ‘बुश’ म्हणतात. सिडनीच्या उपनगरांमधून त्याचे असे हिरवे पट्टे पसरलेले आहेत. त्यातलाच एक बिजिगल रिझर्व्ह : बॉकम हिल्स, कासल हिल, नॉर्थ रॉक्स आणि कार्लिंगफर्ड यांच्या मधोमध, सुमारे १८६ हेक्टरांचं रान, मधून डार्लिंग मिल्स नावाचा ओढा.

माथ्यावर घरं, घळीत झाडं

या भागात दोन प्रकारचे खडक आहेत. खाली वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड. त्याच्यावर शेल, म्हणजे बारीक गाळ दाबला जाऊन झालेला, पापुद्रे सुटणारा खडक. साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी इथे अवाढव्य नद्या वाळू आणून ओतत होत्या. ती वाळू काही ठिकाणी दोनशे मीटरहून जाड साचली. पुढे तिच्यावर गाळ बसला. मग केव्हातरी जमीन उचलली गेली आणि ओढ्यांनी ती कापायला सुरुवात केली. जिथे ओढे खोल गेले तिथे वरचा शेल वाहून गेला आणि खालचा वालुकाश्म उघडा पडला. म्हणून आज टेकड्यांच्या रुंद माथ्यांवर शेलची चिकणमाती उरली आहे आणि घळींच्या उतारांवर पिवळसर वालुकाश्म.

आता शेतकऱ्याच्या नजरेनं पाहा. १७८८ साली इंग्रजांनी सिडनी बंदरावर वसाहत केली. तिथल्या वाळूत पीक धरेना, म्हणून त्याच वर्षी ते आत पॅरामॅटाला सरकले. तिथून पुढे त्यांनी शेलचे माथे एकामागून एक ताब्यात घेतले. तिथलं ब्लू गम या निलगिरीचं उंच जंगल तोडून इमारती लाकूड काढलं, मग संत्र्या-लिंबांच्या बागा लावल्या. रस्तेही माथ्यांवरूनच गेले. बागांच्या जागी पुढे बंगले आले. घळींमध्ये मात्र नांगर चालत नव्हता, बैलगाडी उतरत नव्हती आणि माती अशी, की पेरलेलं वाया जावं. त्या घळी तशाच राहिल्या. शेलवरच्या ब्लू गमच्या जंगलाचे आज थोडेसेच तुकडे शिल्लक आहेत. वालुकाश्मावरचं रान वाचलं, कारण ते कुणाला नकोच होतं.

अर्थात नको होतं ते नव्यानं आलेल्यांना. दारुग भाषा बोलणारे मूळ रहिवासी हजारो वर्षं याच घळींमध्ये वावरले. बिजिगल हे त्यांच्यातल्याच एका कुळाचं नाव. वाटेवर वालुकाश्माच्या ज्या प्रशस्त कपारी लागतात, तशा कपारी त्यांना ऊन-पावसात निवारा देत होत्या. मुलांना तिथे चढावंसं वाटतंच. भिंतीवर नखानं, चावीनं काही खरडायचं नाही, एवढं आधी बजावून ठेवावं. हा दगड भुसभुशीत असतो आणि सहज झरतो. जुन्या खुणा अशाच पुसल्या जातात.

भुकेवर वाढलेली झाडं

सह्याद्रीचा काळा पाषाण झिजला की त्यातलं लोह, मॅग्नेशियम, चुना मातीत उतरतो. आपली काळी, कसदार माती त्याचीच. वालुकाश्म झिजला की उरते गारेची वाळू. तिच्यात झाडाला खाण्यासारखं जवळजवळ काही नाही. सगळ्यांत जास्त टंचाई असते ती फॉस्फरसची. फॉस्फरसशिवाय कुठल्याही सजीवाची पेशी चालत नाही. शेतकरी सुपर फॉस्फेटची पोती आणतो ती याचसाठी.

मग इथे इतकी झाडं कशी? बिजिगलच्या एखाद्या उतारावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी वेगवेगळ्या पानांची डझनभर झुडपं मोजता येतात. बँक्सिया, ग्रेव्हिलिया आणि त्यांच्या भाऊबंदांनी एक युक्ती काढली आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक याच घराण्यातला. पालापाचोळ्याच्या लगत, जमिनीच्या अगदी वरच्या थरात ही झाडं बारीक मुळ्यांचे दाट झुबके काढतात. हे झुबके लिंबात असतं तशा प्रकारचं आम्ल मातीत सोडतात. वाळूच्या कणांना घट्ट चिकटून बसलेला थोडासा फॉस्फरस त्या आम्लामुळे सुटतो आणि झाड तो लगेच शोषून घेतं. बुरशीची मदतही न घेता हे काम चालतं. बाकीच्या बहुतेक झाडांना ती मदत लागते.

वॉटल, म्हणजे तिथल्या बाभळी, नायट्रोजनची सोय वेगळ्या रीतीनं लावतात. हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशा गाठी त्यांच्याही मुळांवर असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून देतात. वॉटलचं एक गुपित मुलांना जरूर दाखवावं. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचं लांबट, विळ्याच्या आकाराचं पान आठवत असेल. ते पान नव्हेच. तो चपटा झालेला देठ. सिडनीच्या बऱ्याच वॉटलचंही तसंच आहे. वाटेकडेला वीतभर उंचीचं नुकतं उगवलेलं रोप शोधा आणि गुडघ्यावर बसून नीट पाहा. अगदी पहिली पानं आपल्या बाभळीसारखी बारीक पिसांची निघतात. त्यावरच्या पानाचा देठ थोडा रुंदावलेला आणि टोकाला तीच पिसं. अजून वर पाहिलं, तर देठ चांगला फताडा झालेला आणि पिसं गायब. एका रोपावर तीन पायऱ्या एकाखाली एक दिसतात. नाजूक पिसांमधून पाणी लवकर उडतं, जाड देठातून कमी उडतं. कोरड्या ऋतूत तग धरायला हा बदल कामी येतो.

आणि आता मुख्य मुद्दा. बँक्सियाच्या घराण्यातल्या झाडांना फॉस्फरस मिळवण्याची इतकी सवय लागली आहे की तो नको असतानाही घेणं त्यांतल्या अनेकांना थांबवता येत नाही. महिनाभर कडक उपास केलेल्या माणसाला एकदम बासुंदी-पुरीच्या पंगतीत बसवावं, तसं होतं. जास्तीचा फॉस्फरस पानांत साठतो, पानं कडेनं करपतात आणि झाड मरतं. घरच्या बागेत हौसेनं लावलेली बँक्सिया साधं खत घालून मारणारे कितीतरी जण आहेत. म्हणून तिथल्या रोपवाटिकांमध्ये देशी झाडांसाठी फॉस्फरस कमी असलेलं खत वेगळं ठेवतात. इथे दुष्काळाची सवय आहे. धोका आहे तो सुबत्तेचा. हे ध्यानात ठेवलं की रानाच्या कडेला काय बिघडतं आहे तेही कळतं. त्याकडे पुढे येऊच.

झाडावर कुणी लिहिलं?

वालुकाश्माच्या धारेवर गुळगुळीत, पांढुरक्या सालीची एक निलगिरी उभी असते. तिला स्क्रिब्ली गम म्हणतात. तिच्या खोडावर पेन्सिलीनं गिरगटल्यासारख्या तपकिरी नागमोडी रेघा असतात. कुणा शाळकरी पोराचा उपद्व्याप, असं पहिल्यांदा वाटतं. पण हाताला खुणा लागत नाहीत, आणि उंच फांद्यांवरही तशाच रेघा दिसतात. तिथवर कोण चढणार?

हे काम एका इवल्याशा पतंगाच्या अळीचं. ऑग्मोग्राप्टिस हे त्या पतंगाच्या गटाचं नाव. अळी सालीच्या आत बोगदा काढत जाते, आणि तोही नेमक्या त्या पातळीवर जिथे पुढे झाडाची जुनी साल सुटून नवी साल तयार होणार असते. सुरुवातीला तिचा मार्ग ऐसपैस, वेडावाकडा असतो. मोठी होत गेली की ती शिस्तीत डावीकडे-उजवीकडे वळणं घेऊ लागते. मग एका ठिकाणी ती आखूड वळसा घेऊन मागे फिरते आणि आधीच्या बोगद्याला अगदी चिकटून दुसरा समांतर बोगदा काढते.

पुढचा भाग मला या साऱ्या रानातला सर्वांत विलक्षण वाटतो. झाडाला झालेली जखम भरून काढायला त्या जोडबोगद्यात मऊ, पातळ भिंतींच्या, पोषक पेशी तयार होतात. तोवर अळी कात टाकून शेवटच्या अवस्थेत आलेली असते. ती वळते आणि आलेल्या वाटेनंच परत जात या पेशी खाऊन फस्त करते. अळीनं झाडाला जखम केली, झाडानं ती भरली, आणि ते भरणंच अळीचं जेवण झालं! पोट भरल्यावर ती साल पोखरून बाहेर पडते, खाली उतरून कोष विणते आणि निघून जाते. थोड्याच दिवसांत जुनी साल गळून पडते. तेव्हा कुठे रेघा उघड्या पडतात. म्हणजे आपल्याला लिखाण दिसतं तेव्हा लिहिणारी तिथे नसते.

खोडाजवळ जाऊन मुलांना एकेका रेघेचा माग बोटानं काढायला सांगा. जिथे रेघ केसाएवढी बारीक आहे तिथे अळी लहान होती. जिथे ती जाड आणि दुहेरी झाली तिथे ती वाढली. बारीक टोकाकडून जाड टोकाकडे जाताना एका प्राण्याचं जवळजवळ सगळं बालपण वाचून होतं. शाळेतल्या जीवनचक्राच्या तक्त्यापेक्षा हे जास्त पक्कं डोक्यात बसतं, असा माझा विश्वास आहे.

पानाची किंमत आणि टर्कीचा ढीग

गरीब मातीत पान बनवणं झाडाला फार महाग पडतं. म्हणून ते पान वर्षभरानं टाकून देणं त्याला परवडत नाही. ते टिकाऊ बनवावं लागतं. निलगिरीचं पान हातात घ्या : जाड, चिवट, चामड्यासारखं. ते उन्हासमोर धरून पाहिलं तर आत असंख्य उजळ ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. चुरगळलं की सर्दीत छातीला चोळतात तोच वास. हे तेल खाणाऱ्याला नकोसं होतं, म्हणून पान वाचतं. शिवाय ही पानं लोंबती असतात, भर दुपारचं ऊन कडेवर झेलतात. त्यामुळे निलगिरीखाली गर्द सावली कधी मिळत नाही. उन्हाळ्यात आजी-आजोबांना घेऊन निघताना हे ध्यानात ठेवावं. झाडी आहे म्हणून गारवा असेलच, असं नाही. गारवा हवा असेल तर ओढ्यालगतची वाट निवडावी.

असं चिवट पान खाली पडलं तरी लवकर कुजत नाही. त्यामुळे रानात पाचोळ्याचा जाड थर साचतो, आणि त्या थरावर एका पक्ष्याचा संसार चालतो. काळं अंग, पिसं नसलेली लाल मान, गळ्यात पिवळी पिशवी आणि उभी चपटी शेपटी. हा ब्रश टर्की. सिडनीच्या उत्तरेकडच्या उपनगरांत आता तो परसदारीसुद्धा येतो. वाटेलगत चार मीटर रुंद आणि छातीएवढा उंच पाचोळ्याचा ढीग दिसला तर तो पालिकेनं लोटून ठेवलेला कचरा नव्हे. नरानं पायांनी मागे उकरून उकरून तो गोळा केलेला असतो.

हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. ओला पाचोळा कुजू लागला की आत जिवाणू-बुरशीच्या कामातून उष्णता तयार होते. गावाकडे उकिरड्यात हात घातला की जी ऊब लागते, तीच ही. मादी येऊन ढिगात अंडं घालते आणि निघून जाते. एकाच ढिगात बऱ्याच माद्या अंडी घालतात. पुढची राखण नराची. तो चोच आत खुपसून तापमान पाहतो. जास्त वाटलं तर वरचा पाला बाजूला करतो, कमी वाटलं तर आणखी चढवतो. ३३ ते ३५ अंशांच्या आसपास तो ढीग ठेवतो, आणि तेही सुमारे पन्नास दिवस. पिल्लू आतच अंडं फोडतं आणि एकट्यानं खणत वर येतं. बाहेर त्याची वाट पाहणारं कुणी नसतं. आईबापांशी ओळख होतच नाही. पहिल्या दिवसापासून ते स्वतःच चारा शोधतं आणि काही तासांत उडूही शकतं.

मुलं या ढिगावर चढायला धावतात. चढू देऊ नये. ऑगस्टपासून उन्हाळ्यापर्यंत आत अंडी असण्याची शक्यता असते, आणि कायद्यानंही या पक्ष्याला संरक्षण आहे. लांबून पंधरा मिनिटं शांत बसलं तर नर कामाला येतोच.

चौकट : निघण्याआधी

*वाट कशी निवडावी :* ऑस्ट्रेलियात पायवाटांना १ ते ५ असे दर्जे दिलेले असतात आणि फलकावर ते लिहिलेले असतात. दर्जा १ म्हणजे पायऱ्या नसलेली, चाकाच्या खुर्चीला चालणारी वाट. बाबागाडी असेल किंवा गुडघे दुखत असतील तर हीच घ्यावी. दर्जा २ लहान मुलांना ठीक. दर्जा ३ ला चढउतार आणि खडबडीत पायऱ्या येतात. घळीच्या रानात एक गोष्ट उलटी असते : सुरुवातीला उतार आणि परतताना चढ. मुलं दमलेली असतात नेमकी तेव्हाच. निम्म्याहून जास्त दम परतीसाठी राखावा.

*केव्हा :* डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. तेव्हा सकाळी लवकर निघावं. जून ते ऑगस्ट हवा छान, साप क्वचित. ऑगस्टमध्ये वॉटल पिवळीधमक फुलते. आगीच्या धोक्याचे चार स्तर जाहीर होतात. वरच्या दोन स्तरांच्या किंवा पूर्ण अग्निबंदीच्या दिवशी रानात जाऊ नये. जोराचा वारा असेल तर मोठ्या निलगिरीखाली डबा उघडून बसू नये, फांद्या तुटतात.

*साप, कोळी, गोचीड :* बंद बूट, लांब पँट आणि मुलांनी वाट न सोडणं, यातच निम्मी काळजी मिटते. दगड किंवा ओंडके उलटायचे नाहीत, बिळात बोटं घालायची नाहीत. फनेल-वेब हा कोळी अत्यंत विषारी आहे, पण त्यावरचं प्रतिविष १९८१ साली आलं आणि तेव्हापासून त्याच्या चाव्यानं मृत्यूची नोंद नाही. साप किंवा हा कोळी चावला तर जखम धुवायची नाही, चिरायची नाही. पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट रुंद बँडेज गुंडाळायचं, काठी बांधून तो हलू द्यायचा नाही, माणसाला चालू द्यायचं नाही आणि ००० वर फोन करायचा. घरी आल्यावर कानामागे, केसांत, काखेत गोचीड आहे का पाहायचं. चिकटलेली गोचीड बोटांनी चिमटून ओढू नये. औषधाच्या दुकानात ती जागीच गोठवायचा फवारा मिळतो. पावसानंतर जळवा असतात. त्या किळसवाण्या वाटल्या तरी धोक्याच्या नाहीत.

*कुत्रा :* राष्ट्रीय उद्यानात नेता येत नाही. पालिकेच्या रानात नियम जागोजागी वेगळे, फलक वाचावा.

आगीसाठी राखलेलं बी

बँक्सियाचं फळ पाहिल्यावर मुलं दचकतात. करड्या, केसाळ कणसावर ओठ मिटल्यासारख्या लाकडी फटी असतात. १९१८ साली मे गिब्झ या लेखिकेनं याच फळांवरून आपल्या बालकथांमधले दुष्ट ‘बँक्सिया मेन’ काढले. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मुलांना ते चांगले ठाऊक असतात.

एकेका ओठाच्या आत दोन पंखवाल्या बिया असतात. कित्येक जातींमध्ये त्या झाडावरच वर्षानुवर्षं बंद राहतात. आग आली, कणीस भाजलं, की ओठ उघडतात आणि बिया गरम राखेवर पडतात. यातही मातीचाच हिशेब आहे. एरवी उपाशी असलेल्या या जमिनीवर आगीनंतर राख पडते, जळालेल्या झाडांमधली खनिजं त्या राखेतून परत मातीत येतात, वर ऊन मोकळं असतं. रोपाला जगायची संधी मिळते ती तेवढ्याच काळात. झाड तोवर बी खर्ची घालत नाही.

वॉटलचं बी मात्र जमिनीत साठवलेलं असतं आणि ती साठवण मुंग्या करतात. बीच्या टोकाला चरबीची एक लहानशी दशी असते. मुंगी तिच्यासाठी आख्खं बी बिळात ओढून नेते, दशी खाते आणि कठीण कवचाचं बी तिथेच टाकून देते. तिथे ते कित्येक वर्षं पडून राहतं. आगीची धग जमिनीत शिरली की कवच तडकतं आणि बी रुजतं. वॉटलच्या शेंगा तडकायच्या दिवसांत, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, वाटेवर बसून मुंग्यांची ही ने-आण पाहता येते. त्यासाठी कुठे लांब जावं लागत नाही, फक्त थांबावं लागतं. लहान मुलं तशीही दर दहा पावलांवर थांबतात. त्यांना ‘चल, चल’ म्हणून ओढण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसावं. किती किलोमीटर झाले याला या रानात काही अर्थ नाही.

ओढ्याकाठची घाणेरी

खाली उतरत ओढ्यापाशी आलं की मराठी माणसाला ओळखीचं कुणी भेटतं. गुलाबी-पिवळ्या फुलांचे गुच्छ, खरखरीत पान, उग्र वास. घाणेरी! काहीजण तिला टणटणी म्हणतात. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली ही वनस्पती बागेची शोभा म्हणून भारतात आली तशीच ऑस्ट्रेलियातही आली, आणि दोन्हीकडे रानात शिरली. तिच्या जोडीला इथे प्रिव्हेट असते. कुंपणासाठी आणलेलं हे झुडूपही मोकाट सुटलं आहे.

पण उतारावर बँक्सिया आणि वॉटलचं अस्सल रान आणि ओढ्याकाठीच परक्या झुडपांची गर्दी, असं का? कारण माथ्यावरच्या बंगल्यांचं पाणी इथे येतं. एके काळी पाऊस पडला की तो पानांवर, पाचोळ्यात, वाळूत मुरायचा आणि सावकाश ओढ्यात उतरायचा. आता माथ्यावर छपरं, डांबर आणि काँक्रीट आहे. तिथलं सगळं पाणी गटारातून थेट घळीत सुटतं. येताना ते हिरवळीवर टाकलेलं खत, गाडी धुतलेल्या साबणाचं पाणी आणि कुत्र्याची घाण घेऊन येतं. या सगळ्यात फॉस्फरस असतो. उपाशी मातीवर जगणाऱ्या झाडांना तो बाधतो आणि सुकाळात वाढणाऱ्या घाणेरीला मानवतो. गटाराचं तोंड कुठे आहे हे पाण्याकडे न बघतासुद्धा ओळखता येतं. जिथून गर्द, तुकतुकीत, मोठ्या पानांची हिरवाई सुरू होते, तिथे वर कुठेतरी पाइप उघडतो आहे.

हे पाणी इथेच थांबत नाही. डार्लिंग मिल्स ओढा पुढे तूनगॅबी ओढ्याला मिळतो आणि तिथून पॅरामॅटा नदी सुरू होते. भरतीचं खारं पाणी जिथवर येतं तिथे तिच्या काठाला खारफुटी लागते. ती तिवरांची आहे, आणि ॲव्हिसेनिया मरीना ही तिची जात ठाण्याच्या खाडीतही आहे. चिखलातून वर आलेली बोटभर श्वासमुळं पाहून ठाण्याच्या किंवा ऐरोलीच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

घाणेरी काढायची कशी, यावर जुन्या पद्धतीचं उत्तर सरळ होतं : जिथे सगळ्यांत दाट आहे तिथे तोडा. १९६० च्या दशकात सिडनीच्या मॉसमन भागातल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी नेमकं उलट करून पाहिलं. जवळच्या ॲश्टन पार्कमध्ये त्या रोज फिरायला जात आणि जाता-येता तण उपटत. त्यांच्या ध्यानात आलं की दाट तण एकदम काढलं तर मोकळ्या, ढवळलेल्या मातीत पुन्हा तणच उगवतं. म्हणून त्यांनी सुरुवात चांगल्या रानापासून केली. जिथे देशी झाडं भक्कम आहेत तिथलं तुरळक तण आधी काढायचं, माती शक्य तितकी कमी हलवायची, पाचोळा परत जागच्या जागी पसरायचा आणि देशी रोपं पुढे सरकतील तेवढंच आपण पुढे सरकायचं. घाई माणसाची नव्हे, वेग झाडांचा. या पद्धतीला आज ब्रॅडली पद्धत म्हणतात. ऑस्ट्रेलियात रान सावरण्याच्या कामाचा पाया घालण्यात तिचा मोठा वाटा आहे.

घाणेरीबद्दल आणखी एक गोष्ट. रेन नावाच्या निळ्या, मुठीत मावणाऱ्या पक्ष्याला तिच्या काटेरी जाळीत लपायला आणि घरटं करायला जागा मिळते. एकदम साफ केली तर तो उघडा पडतो. तोडणं टप्प्याटप्प्यानं हवं ते यासाठीही. पालिकांचे बुशकेअर नावाचे स्वयंसेवक गट हे काम करतात, हातमोजे आणि अवजारं देतात, कुठलं रोप देशी नि कुठलं परकं हे शिकवतात. ज्यांचं घर माथ्यावर आहे आणि ज्यांच्या हिरवळीचं पाणी खाली जातं त्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, तिथे महिन्यातून एखादी सकाळ द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आई-वडील भारतातून आलेले असतील तर त्यांनाही न्यावं. झाडाझुडपांत वाढलेल्या माणसाचा हात तिथे लगेच बसतो.

केळीचं साल आणि बुटाचा तळवा

डबा खाऊन झाल्यावर ‘केळीचं साल काय, कुजतंच की’ म्हणून झुडपात भिरकावणारे पुष्कळ असतात. कुजतं, हाच तर त्रास आहे. कुजून त्यातलं पोषण वाळूत उतरतं, आणि ते कुणाला हवं असतं ते वर आलंच. फळांच्या बिया, कढीपत्त्याची काडी, निर्माल्य, कुंडीतली जुनी माती यांतलं काहीही घळीत टाकू नये. परसातलं गवत कापून मागच्या कुंपणापलीकडे ढकलून देणं त्याहून वाईट. टर्कीला किंवा कुकाबरा पक्ष्याला खायला घालणंही नको.

आणि बूट. ऑस्ट्रेलियाच्या मातीत फायटॉप्थोरा नावाचा सूक्ष्म जीव पसरला आहे. तो मुळं कुजवतो. बँक्सिया आणि तिचे भाऊबंद त्याला लवकर बळी पडतात. झाडाला एकदा लागण झाली की उपाय फारसा चालत नाही. एका रानातून दुसऱ्या रानात तो बुटाला लागलेल्या ओल्या चिखलातून जातो. काही वाटांच्या तोंडाशी यासाठीच ब्रश आणि जंतुनाशकाचं तबक ठेवलेलं असतं. नसेल तर एक जुना ब्रश गाडीत ठेवावा आणि आत शिरण्याआधी नि बाहेर आल्यावर प्रत्येकानं तळव्यांमधला चिखल खरवडून काढावा. बाबागाडीची चाकं आणि आजोबांच्या काठीचं टोकही त्यात आलं.